ब्रेकराव पडत नाहीत

आमचे हे पडत नाहीत. अकरा वर्षं दर रविवारी डोंगरावर सायकल चालवतात, दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, जिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करेल अशा उतारावरून. पण पडायचं नाव नाही. तुम्ही म्हणाल, बाई, नशीब समजा. समजले असते हो! पण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात तोंडं उतरली होती.

कारण त्या डोंगरावरची रीत. जो जिथे पडेल, त्याचं नाव त्या जागेला. झाडाला लाकडी पाटी ठोकतात. वरून येताना आधी दाताच्या डॉक्टरांचं वळण लागतं, मग पोस्टमनची घसरण, मग पाववाल्याचा खड्डा. त्यात पाववाला तीनदा पडला, तरी पाटी एकच. नियम कडक आहेत. पडणं खरं हवं, दोन साक्षीदार हवेत आणि पुरावा म्हणून रक्त किंवा फाटलेलं कापड. निकाल द्यायला तिघांची पतन समिती. दाताचे डॉक्टर अध्यक्ष. थट्टा करत नाहीये मी, शिक्कासुद्धा आहे त्यांच्याकडे.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. पाटीवर नाव माझं. सासरे म्हणाले होते, "मुलाचं घाल, शोभून दिसेल." मी म्हटलं, सुई माझी, बोटं माझी, मग नाव दुसऱ्याचं कशाला? दोन महिने त्यांचा अबोला सोसला, पण माझंच घातलं. तर ह्या मंडळींच्या फाटक्या पँटी माझ्याकडेच येतात. अध्यक्षांच्या बुडाला मी आजवर चार ठिगळं लावलीत. ह्यांची पँट मात्र एकदाही मशीनखाली आली नाही.

येणार कशी? हे लिफ्ट दुरुस्त करतात. तीस वर्षं एकच ध्यास, ब्रेक लागतो की नाही. सायकलवर बसण्याआधी ब्रेक तीनदा तपासतात आणि बसल्यावर परत एकदा. म्हणून सगळे ह्यांना ब्रेकराव म्हणतात.

मग गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, महिनाअखेरीपासून सायकल बंद. घरी येऊन हे खुर्चीत बसले, बूटही काढले नाहीत. "अगं, अकरा वर्षं गेलो मी तिथे," म्हणाले, "आणि उद्या कुणाला कळणारसुद्धा नाही, की मी होतो." मला आधी हसू आलं आणि मग मी खाली बसून ह्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

चार रविवार उरले होते. पहिल्या रविवारी ह्यांनी ठरवलं, ब्रेक लावायचाच नाही. बोटांनी आपणहून लावला. दुसऱ्या रविवारी सकाळी पाना घेऊन ब्रेक सैल केले, दारापर्यंत गेले, मागे फिरले आणि पुन्हा आवळले. तिसऱ्या रविवारी पोस्टमनच्या घसरणीवर सरळ झुडपात उडी घेतली. समिती पाऊण तास बसली. निकाल आला: "पडण्याआधी चष्मा काढून खिशात ठेवला. हेतू सिद्ध. अर्ज नामंजूर."

चौथ्या रविवारी मी स्वतः गेले. गाड्या लावतात त्याच्या जरा वर शेवटचं वळण आहे. रुंद, ताटासारखं सपाट. तिथे आजवर कुणी पडलेलं नाही. समितीसकट सगळे तिथेच उभे होते. हे आले, नीट वळले, थांबले, उतरले. हेल्मेट काढून मान खाली घातली.

अध्यक्ष म्हणाले, "ब्रेकराव, शेवटपर्यंत एक डाग लागू दिला नाहीत!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, सगळ्यांच्या सायकलींचे ब्रेक हे फुकट नीट करतात, म्हणून तुमच्या नुसत्या पँटी फाटतात, हाडं शाबूत राहतात! एक पाटी ठोकायला तुमचे हात झडतात काय?"

"वहिनी, नियम म्हणजे नियम. पडणं इतकं सोपं नसतं."

"पडायला काय अक्कल लागते?" असं म्हणत मी ह्यांच्या हातातली सायकल ओढली आणि बसले. चाळीस वर्षांनी! निघाली की हो ती. पाय कुठे, जमीन कुठे! घाबरून हाताला आलं ते सगळं जीव खाऊन दाबलं. ह्यांचे ब्रेक ते. सायकल जागच्या जागी थांबली. मी नाही थांबले.

हे त्या गुडघ्यासकट धावत आले. माझी बाही फाटली होती, कोपरातून रक्त येत होतं, मनगट भलतीकडेच बघत होतं. मागे समितीचं काम सुरू झालं होतं.

"साक्षीदार सात. रक्त आहे. कापड आहे. हेतू?"

"हेतू कसला? केवढ्या किंचाळल्या त्या!" पोस्टमन म्हणाला.

एकमताने मंजूर. अध्यक्षांनी अदबीने पेन्सिल काढली. "वहिनी, नाव काय लिहू? दुकानाच्या पाटीवर आहे तेच ना?"

हे रुमालाने माझा हात बांधत होते. "तेच लिहा," म्हणाले, अगदी मनापासून, कौतुकाने. तेच मला जास्त लागलं.

"नाही," मी म्हटलं. "लिहा, ब्रेकरावांच्या बायकोचं वळण."

ह्यांच्या हातातली गाठ सुटली. पुन्हा बांधायला बराच वेळ लागला, कारण डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये आहे. दुकानाच्या पाटीवर नाव माझंच आहे आणि माझंच राहणार, ते वेगळं. पण रविवारी हे आता चालत डोंगरावर जातात आणि त्या पाटीचे खिळे तीनदा तपासून येतात.

"हलत नाही," घरात पाऊल ठेवता ठेवता मला सांगतात.