सोलापूरच्या उन्हात पाळलेल्या माशा

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या विभागात कुणी माशा मारत बसत नाही. आम्ही त्या पाळतो. त्यामुळे किस्सेही तसेच वाढतात. एक हाकलेपर्यंत दुसरा येऊन बसतो.

*

या माशा खास! मज्जापेशी निरोप धाडते तो रसायनाच्या बारीक पिशव्यांतून. पिशवी कडेला जाऊन रिकामी झाली, की पेशी तिचं कातडं आत ओढते, तोडून नवी पिशवी करते आणि पुन्हा भरते. मेसचा डबा घासून भरावा, तसं.

आमच्या माशांत जन्मजात खोट आहे. गरम झालं की हे तोडणं बंद. पिशव्या संपतात, माशी आडवी. गार केलं की उठून चालू लागते.

असली माशी पाळायला सोलापूर निवडणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आम्ही त्यांना हेडसर म्हणतो.

*

सांगोल्याची सुवर्णा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आली. घरी शेळ्यामेंढ्या. वडिलांनी फोनवर विचारलं, किती जनावरं सांभाळतीस? ती म्हणाली, असतील हजारभर. त्यांनी गावभर सांगितलं!

मग एकदा बघायला आले, बाटलीत डोकावले.

"ही व्हय? ही तर आपल्या डाळिंबावर फुकट हायेत की."

*

एका दुपारी एसी बंद पडला. झाडायला आलेल्या मावशींनी आडव्या माशा बघितल्या, हळहळल्या आणि सगळ्या डस्टबिनमध्ये ओतल्या. डस्टबिन नेमकी हेडसरांच्या कूलरसमोर! थोड्या वेळानं माशा सरांच्या डब्यातल्या केळ्यावर. तेव्हापासून मावशी मेलेल्या डासावरही विश्वास ठेवत नाहीत.

*

मे महिन्यात सुवर्णाची परीक्षा. वर्ष गेलं तर शिक्षण बंद, हे घरी ठरलेलं. तिला एवढंच दाखवायचं होतं: माशा गरम केल्या की पडतात, गार केल्या की उठतात. आणि लाइट गेली! पुण्याचे परीक्षक आत आले तेव्हा माशा आधीच आडव्या.

"मेल्यात या," ते म्हणाले. "जिवंत दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी या."

सुवर्णाचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. तिनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवली आणि बघत उभी राहिली.

तोवर इकडे परीक्षकच खुर्चीत घसरले. डोळे मिटलेले, मान कलती. मावशींनी दुसरं ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर टाकलं, माठातलं पाणी पाजलं.

बाटलीत एक पाय हलला. मग पंख. बघता बघता सगळी बाटली उठली. परीक्षकही सावरून बसले, घसा खाकरला आणि पहिला प्रश्न विचारला, "गार झाल्यावर आत नेमकं काय सुरू झालं?"

सुवर्णानं अगदी गंभीरपणे विचारलं, "माशांच्या का तुमच्या, सर?"