माती तुला दिली व्हती

माझी पीएचडी मातीच्या वर्णपटांवर होती. मातीवर प्रकाश टाकायचा, परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख घ्यायचा आणि त्यावरून माती कशी आहे ते ओळखायला संगणकाला शिकवायचं. शिकवायला मी परदेशातल्या संशोधकांनी इंटरनेटवर खुले ठेवलेले आलेख वापरले. पण ते मॉडेल आमच्याकडच्या मातीला सरसकट चांगलीच म्हणायचं. कालव्याच्या पाण्यानं चोपण झालेल्या, वर पांढरं मीठ फुललेल्या रानालासुद्धा. म्हणून मी माझ्या गावी, पिंपळवंडीत, घरोघर फिरून माती मागितली. लोकांनी विश्वासानं दिली. मॉडेल सुधारलं.

मग लेख छापणाऱ्या नियतकालिकाची अट आली: सगळे आलेख शेताच्या ठिकाणासकट खुले करा.

तात्यांना, माझ्या चुलत्यांना, मी ओट्यावर बसून हे समजावलं. चोपण रान त्यांचंच जास्त.

"म्हंजे आमचं रान खराब हाय, ते कुनीबी फोनवर बघनार?"

"हो, पण संशोधनासाठी, तात्या."

"उद्या रान इकायची येळ आली, तर गिऱ्हाईक आधी त्येच दाखवंल. माती तुला दिली व्हती पोरी, जगाला न्हाई."

ठिकाणं काढून टाकू का, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोनवर विचारलं.

"मग ती माती तिथलीच, हे कुणी कसं तपासायचं? दुसऱ्यांचा खुला डेटा तू वापरलास. आपली वेळ आल्यावर हात आखडता घेतेस?"

दोघांचंही खरं होतं. घरात लॅपटॉप उघडला की सर आठवायचे, मिटला की समोर तात्या.

शेवटी मी पुन्हा घरोघर गेले. चांगल्या रानाच्या मालकांनी हसत होकार दिला. चोपणवाल्या एकानंही दिला नाही. त्यांचे आलेख मी पुसले आणि मॉडेल उरलेल्यांवर नव्यानं शिकवलं. चोपण ओळखणं त्याला पुन्हा जमेनासं झालं. लेख छापून आला, पदवी मिळाली. गावानं चौकात फ्लेक्स लावून सत्कार केला. हार तात्यांनीच घातला.

सत्काराला अवसरीहून आलेले एक शेतकरी पुढं झाले.

"ताई, आमचं रान चोपण व्हत चाललंय असं वाटतंय. तुमचं मशीन सांगंल का?"

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"का वो?"

तात्या शेजारीच उभे होते. मी हार काढून हातात घेतला आणि अवसरीच्या पाहुण्यांना चहाला चला म्हटलं.