यसूला हाक

पासली गावाच्या वर, भातखाचरं संपली की कारवीचं रान लागतं. रान संपलं की करवंदमाळ. तिथं धनगरांची थोडी घरं आहेत. दिवस कलला की त्या माळावरून एका बाईचा आवाज खाली उतरायचा. "ठकू, चल आता. हौसा, तुला येगळं सांगाय पायजे व्हय? गजरा, किती हिंडशील गं?"

पासलीत नवा आलेला पाहुणा हमखास विचारायचा, "या बाईला सुना तरी किती?"

आम्ही हसायचो. सुना नव्हेत, शेळ्या. आणि ही नावं शेळ्यांची, तशीच माणसांचीही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची.

बोलावणारी बाई म्हणजे भामाबाई. साठी उलटलेली, उंच, खणखणीत. खवा घेऊन डोंगर उतरते तेव्हा वाटेतल्या प्रत्येकाशी बोलते आणि तरी बाजारात सगळ्यांच्या आधी पोचते. तिची आजी सगुणाबाई. भाटघरच्या वरच्या डोंगरातल्या एका वस्तीत सगुणा जन्मली आणि ती रांगायच्या आत मानमोडी आली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीची ती तापाची साथ. मान मोडून पडल्यासारखी दुखायची, म्हणून लोकांनी तिला ते नाव दिलं. त्या वस्तीत सकाळी दुसऱ्याला माती देऊन आलेला माणूस संध्याकाळी स्वतः अंथरुणाला खिळायचा. शेवटी माती द्यायलाही कुणी उरलं नाही.

खालच्या गावातली माणसं भीत भीत वर गेली तेव्हा एका खोपटात आई गेलेली होती आणि तिच्याजवळ लेकरू जिवंत होतं. एक शेळी पाय फाकवून त्याच्यावर उभी होती आणि ते तिला लुचत होतं. शेळीचं स्वतःचं करडू मेलेलं होतं. माणसांनी पोरीला उचललं, तर शेळी मागोमाग आली. मग दोघींनाही सांभाळलं. पोर बोलायला लागली तेव्हा कुणी विचारलं, "तुझी आय कुठं हाय?" तिनं शेळीकडं बोट दाखवलं. आईचं नाव यसू होतं. त्या दिवसापासून शेळीचं नावही यसू झालं.

पुढं यसूला पाठी झाल्या, म्हणजे मादी करडं. सगुणाबाईनं खालच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्यांना आपल्या वस्तीतल्या गेलेल्या बायांची नावं दिली. ठकू आजी, हौसा आत्या, गजरा मावशी. रोज संध्याकाळी ती सगळ्यांना घरी बोलवायची. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर या वंशातली एक पाठ द्यायची आणि सासरी जाणाऱ्या पाठीचं नाव यसूच ठेवायचं, हा रिवाज तिनं घातला. सगुणाबाईची लेक अंबूबाई अशीच यसू घेऊन सासरी गेली, आणि अंबूबाईची लेक भामाबाई तशीच करवंदमाळावर आली.

मागच्या वर्षी आरोग्य केंद्रातली सुलक्षणा फ्ल्यूची माहिती सांगायला करवंदमाळावर चढून आली. दम खात म्हणाली, "मावशी, सर्दीताप म्हणून सोडून देऊ नका. मानमोडीच्या साथीत आपल्या देशात कोटीच्या वर माणसं गेली."

भामाबाईनं तिच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला. "त्यात आमची ठकू, हौसा धरल्यात का?"

"धरल्या असणारच."

"नावानं?"

"नावानं कसं होणार? अंदाज असतो तो."

"मग तुमी अंदाजानं धरा," भामाबाई म्हणाली. "नावानं आमी धरतो. आन ताक पी आधी, तुजाच दम गेलाय."

पण नावानं धरणंही आता जड झालं होतं. भामाबाईच्या बहिणींच्या दारातल्या शेळ्या कधीच संपल्या. एकीच्या गोठ्यात हल्ली मोटारसायकल उभी असते. भामाबाईच्या इथं बिबट्यानं ठकूला नेलं, हौसाला नेलं. राहिली एकटी गजरा, तीही म्हातारी. दावणीला दुसऱ्या शेळ्या होत्या, पण त्या बाजारातून आणलेल्या. त्यांना नावं नव्हती.

अशात भामाबाईच्या वैष्णवीचं लग्न ठरलं. चार मुलांच्या पाठीवर झालेली ही एकुलती एक लेक, दिलेलं घर भाटघरच्या वरच्या अंगाचं. गजरा गाभण होती. हे तिचं शेवटचं वेत. पाठ झाली तर यसू वैष्णवीबरोबर जाणार. बोकड झाला तर सगळ्या नावांची हाक भामाबाईपाशीच थांबणार. भामाबाई गजराला रोज पहिली मूठ धान्याची घालायची आणि कानात सांगायची, "माजं म्हातारीचं ऐक."

नवरा सोनबा बघत बसायचा. "माज्या ताटात कधी येवढं वाडलं न्हाईस."

"तुमाला कुठं पाठ व्हायचीय?"

गजरा व्याली ती नेमकी भामाबाई वैष्णवीला घेऊन लग्नाचा बाजार करायला भोरला गेली त्या दिवशी. गोठ्यात सोनबा आणि त्याचा धाकटा भाऊ सावळा. एकच करडू झालं. बोकड.

सोनबानं करडू पुन्हा उलटं करून बघितलं. "आता तिला त्वांड कसं दावू?"

सावळाच्या शेळीला आदल्या दिवशी जुळ्या पाठी झाल्या होत्या. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं. परकं करडू शेळीला आपलं वाटायला लावणं धनगराला अवघड नाही. एक पाठ आणून गजराच्या अंगाखालचं व्याल्याचं पाणी तिच्या अंगभर चोळलं आणि गजराच्या तोंडापुढं धरली. गजरानं हुंगलं, चाटलं, आणि पाठ सडाला लागली. बोकड गेला सावळाच्या गोठ्यात.

संध्याकाळी भामाबाई चढण चढून आली तेव्हा सोनबा वाटेतच उभा. "पाठ झाली," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा मोठाच लागला.

भामाबाईनं पिशव्या तिथंच टाकल्या. गोठ्यात जाऊन पाठ उचलली, डोळ्यांना लावली, आणि मग तिचा हात पाठीच्या पोटाखाली गेला. तिथं थांबला.

"दुपारी झाली म्हणता?"

"व्हय की."

"आन नाळ तेवड्यात वाळली?"

सोनबा खांबाकडं बघू लागला. दारात उभा असलेला सावळा म्हणाला, "वैनी, दादाचं काय न्हाई, म्याच बोललो."

"दोगं मिळून मला येडी करताय व्हय," भामाबाई म्हणाली आणि पाठीला गजरापुढं ठेवून खाली बसली. वैष्णवी जवळ येऊन टेकली. "आये, नको मला पाठ. मी अशीच जाईन. तू रडू नको."

"मी कशाला रडू."

पण डोळे भरलेलेच होते. सगुणाबाईपासून तिच्यापर्यंत आलेलं तिच्या हातून सुटलं होतं. तिच्यासमोर गजरा त्या परक्या पाठीला चाटत होती, शेपटीपासून कानापर्यंत, पुन्हा कानापासून शेपटीपर्यंत. पाठ ढुशा देत दूध पीत होती. भामाबाईला गोठ्यात असं नुसतं बसून बरीच वर्षं झाली होती. ती बघत राहिली.

मग तिनं पदरानं डोळे पुसले. "वैष्णवे, माज्या आजीला दूध पाजलं ती यसू आजीची कोण लागत हुती?"

"कुणी न्हाई," वैष्णवी म्हणाली. "परकीच."

"तिला कुणी सांगितलं न्हवतं, ह्ये तुजं न्हवं म्हून." भामाबाईनं हात पुढं केला. "यसू, हिकडं ये गं."

पाठ काही आली नाही. तिला दूध प्यायचं होतं.

सावळाला धीर आला. "आन वैनी, माज्याकडं बोकड हाय त्याला काय म्हनू?"

"सोनबा म्हन," भामाबाई म्हणाली. "त्यो बी आसाच लबाड निगंल."

उखाण्यात गुंफल्याशिवाय भामाबाईनं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. पहिल्यांदा घेतलं ते बोकडासाठी. सोनबा आजही हे पाहुण्यांना सांगतो आणि सांगताना त्याची मान ताठ असते. तो बोकड बाजाराला गेला नाही. भामाबाईनं जाऊ दिला नाही.

लग्नापर्यंत पाठ चांगली पाला खायला लागली. टेम्पोत वऱ्हाडाबरोबर ती वैष्णवीच्या पायाशी उभी राहून भाटघरच्या धरणाकडं निघाली, सगुणा जन्मली त्याच डोंगराच्या अंगाला. पहिल्याच संध्याकाळी वैष्णवी दारात येऊन ओरडली, "यसू, घरला चल."

सासू चुलीपासून बाहेर आली. "कुणाला हाक मारतीस गं?"

"आईच्या आजीच्या आईला," वैष्णवी म्हणाली, आणि यसू आली तशी तिला आत घेतलं.