पहिलं लक्षण कधी?

स्किझोफ्रेनियाची सुरुवात नेमकी कधी होते, हे शोधायचं काम सत्तरच्या दशकात आमच्या डॉक्टरांनी कोल्हापुरात हाती घेतलं आणि घरोघरी जाऊन फॉर्म भरायला मला नेमलं. आजार सुरू होऊन वर्ष उलटलेलं नाही अशांनाच अभ्यासात घ्यायचं, असा नियम होता. त्यांच्या गोळ्या दरमहा मी घरी पोचवायची. बाकीच्यांनी दवाखान्यात रांग लावायची.

कबनूरला कारखान्यात विजेवरचे माग चालवणारा एक बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या कानात माणसं बोलायची, नाव घेऊन शिव्या द्यायची. माझं घरी येणं त्याच्या आईला फार सोयीचं होतं. धाकट्या मुलीचं लग्न जमवायचं होतं आणि वेड्यांच्या डॉक्टरच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटलं की संपलंच. शेजारी मला कुटुंब नियोजनवाली समजत. आईनं तो समज मोडला नाही, मीही नाही. एका शेजारणीनं तर मला दारात गाठून चार प्रश्न विचारले, मी जमतील तशी उत्तरं दिली.

'पहिलं लक्षण कधी दिसलं?' हे मी तीन खेपांत आईला तीनदा विचारलं. "दसऱ्यापास्नं," ती ठामपणे सांगायची. तीन महिन्यांपूर्वीच्या त्या दसऱ्याला त्यानं भावकीसमोर ताट भिरकावलं होतं. मला हे उत्तर आवडायचं, कारण ते नियमात बसायचं. मुलगा भिंतीला टेकून ऐकत असायचा. त्यालाच विचारावं हे मला सुचलं नाही. शिकलेल्या बाईचा माज, दुसरं काय! फॉर्मातही फक्त नातेवाइकांचा रकाना होता.

चौथ्या खेपेला तोच बोलला. "दसरा न्हवं बाई. त्याच्या आदल्या साली लाईट गेलती, तवा."

मला काही कळेना. मग त्यानं समजावलं. मागाच्या खडखडाटात कुणीतरी हाक मारतंय असं त्याला वाटायचं, पण तसं तिथं सगळ्यांनाच वाटतं. एक दिवस लाईट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. बाकीच्यांनी बिड्या काढल्या. "समदं गप झालं," तो म्हणाला. "ती मातर बोलतच हुती."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाय की."

आईनं माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. "बाई, दसराच लिवा. त्याच्या भनीचं बघा जरा."

मी खरं तेच लिहिलं. परतताना एसटीत स्वतःचाच राग आला, तरी खोडलं नाही. डॉक्टरांनी त्याचं नाव अभ्यासातून काढलं आणि पुढच्या फॉर्मात पेशंटसाठी वेगळा रकाना छापून घेतला. माझं त्या घरी जाणं थांबलं. तो मात्र महिन्याच्या महिन्याला रांगेत येऊन उभा राहायचा, एकटाच.

वर्षभरानं दुसऱ्या पेशंटसाठी कबनूरला गेले. त्याची आई रस्त्यात दिसली, तिनं मान फिरवली. पुढं त्याच्या कारखान्याच्या दारात मी थांबले. माग चालू असताना तिथं बोललेलं ऐकू येत नाही, सगळं खुणांनी चालतं. त्यानं मला ओळखलं. मी कानाला हात लावून भुवया उंचावल्या. त्यानं पंजा आडवा हलवला. आवाज गेले होते. मला फार बरं वाटलं.

बहिणीचं जमलं का, हे विचारायची खूण मला येत नव्हती. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबता आलं असतं. मी थांबले नाही.