आखाजीची कणीक

हल्ली कोणी नवं काही शिकायला बोलावलं की मी धास्तावते. दिवसभर विम्याचे फॉर्म भरायचे, संध्याकाळी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, लग्नसराईत सूत्रसंचालन करायचं. दमले बाई मी! वर लोक म्हणतात, तुम्हाला काय, सगळंच येतं.

विसाव्या वर्षी हेच ऐकून मी हुरळायचे. धुळ्यात कॉलेज करता करता टॅली, हार्मोनियम, खो-खो चालू होतं. फुकट आहे म्हटल्यावर फवारणीचा ड्रोन उडवायचं प्रशिक्षणही अर्धं घेऊन झालं होतं. नाही म्हणणं ठाऊकच नव्हतं. कोणीतरी कान धरून एका जागी बसवायला हवं होतं मला.

या पसाऱ्यात मावशीकडे मांडे शिकणंही होतं. मी तिच्याकडेच राहत होते. पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आमरसाबरोबर मांडे लागतातच. गल्लीतली आठ घरं त्या दिवशी मावशीवर विसंबून असत. पण तिचे खांदे आता दुखायला लागले होते. त्या वर्षी तिने आठही घरी सांगून टाकलं, पुढच्या आखाजीपासून मांडे माझी भाची करेल, यंदा तिला हाताशी घेतेय. केवढा अभिमान वाटला मला! कणीक मळणं आणि उंडे भरून देणं माझ्याकडे आलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी जळगावहून फोन आला. तिथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रात मी मागे आवाजाची चाचणी देऊन आले होते. आखाजीचा खास अहिराणी कार्यक्रम होता आणि निवेदिका आजारी पडली होती. उद्या सकाळी आठला येता का, असं विचारत होते. मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग मावशीला सांगितलं.

"जाय बेटा," ती म्हणाली. "पुरन मी करी ठेवसू. तू फक्त अकरा वाजता ये. कनीक आल्यावरच मळ."

पण मला धीर कुठला! आल्यावर वेळ नको जायला म्हणून पहाटे पहिली बस पकडायच्या आधी मीच सगळी कणीक मळली, ओल्या फडक्याखाली झाकली आणि निघाले. मावशीला उठवलंही नाही. उलट बसमध्ये स्वतःवर खूश होते, की दोन्हीकडचं कसं जमवलं.

कार्यक्रम झकास झाला. फोनवर फोन येत होते. एका तासाचे तीन तास झाले. अजून थांबता का म्हणाले, तर मी थांबले. एका बाईंनी फोनवर मांड्यांचं विचारलं. मग काय, मी सुरूच झाले! माझी मावशी म्हणते, कणीक ऐन वेळी मळायची, उन्हाळ्यात तर मुळीच ठेवायची नाही, ती सैल पडते आणि मांडा हातावरच फाटतो. हे मी माइकवर हसत हसत सांगितलं. सांगताना माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही.

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. मावशी चुलीपुढे भिंतीला टेकून बसली होती. परातीत फाटलेल्या मांड्यांचा गोळा पडला होता. ती सगळी कणीक टाकून तिने त्याच खांद्यांनी दुसरी मळली होती आणि एकटीने तीन घरचे मांडे केले होते. उरलेल्या पाच घरांचे डबे रिकामेच परत गेले. मोबाइल तिच्या मांडीशी होता. जळगावचं ते केंद्र त्यावर इंटरनेटवरून ऐकू यायचं.

"तुनं बठ्ठं ऐकं मी," ती म्हणाली. सगळं ऐकलं होतं तिने. "कनीकनं तू बराबर सांगं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडले, पुढच्या वर्षी एकटी करीन म्हणाले. तिने मला जेवायला वाढलं. रेडिओचं काम आठ महिने टिकलं, मग ते मीच सोडलं, दुसरं काहीतरी खुणावत होतं म्हणून.

पुढच्या आखाजीला मी सकाळी लवकर उठून पदर खोचला. परात धुतली. खापर कुठे दिसेना. विचारलं तर मावशी म्हणाली, शेजारच्या सुनेला दिलं, पोरगी महिनाभर रोज दुपारी शिकायला येत होती. रोज दुपारी! आणि मी त्याच घरात राहत होते. दुपारची कधी घरी नसायचे, एवढंच.

साडेबाराला त्या सुनेचा डबा आमच्याकडे आला. मावशीने मांडा दोन्ही हातांनी उजेडात धरून पाहिला. कुठेही फाटला नव्हता.

"चांगला शे," ती म्हणाली, आणि तो माझ्या ताटात वाढला.