पाहुण्यांनी आराम करावा

ओल्या फरशीवर साबणाचा वास आला, की टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आमच्या बिल्डिंगमधली ती डिसेंबरची सकाळ आठवते आणि अजूनही चीड येते. ऑफिसला वर्षअखेरीची सुट्टी लागली होती, ओळखीचे बहुतेक सगळे पुण्याला गेले होते आणि मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. खाली जपानी रहिवासी मिळून नव्या वर्षाआधीची साफसफाई करत होते. आम्हा भारतीयांना कुणी बोलावलंच नव्हतं. आमचं भाडं चालतं, मग हात का चालत नाहीत? मी तणतणत खाली गेलो. रहिवाशांचे प्रमुख, एक आजोबा, वाकून म्हणाले, “तुम्ही पाहुणे, आराम करा.” मी त्यांना समान हक्क समजावू लागलो, तेवढ्यात शेजारच्या वहिनी उतरल्या. कित्येक वर्षं त्या इथेच राहत होत्या. “अरे, भाषण पुरे, ती बादली दे इकडे,” म्हणाल्या, आणि आजोबा नको नको म्हणत असतानाच वहिनींनी सायकल स्टँड घासायला घेतला. बर्फासारखं पाणी होतं. थोड्या वेळाने आजोबा आले, वाकून बघितलं आणि चक्क वहिनींवर खेकसले, “हा कोपरा कोण घासणार? परत करा!” मी उसळलोच. वहिनी मात्र लालभडक हातांनी फडकं पिळत हसत सुटल्या. “गप रे! पाहुण्यांना कुणी असं ओरडतं का?” त्यानंतर समान वागणुकीसाठी मी ढीगभर पत्रकं लिहिली, वाटली. या बिल्डिंगमध्ये मला अजून कुणी ओरडलेलं नाही.