सहा जणांचा बचाव

चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर हसता हसता शर्टावर सांडाल. वकील होण्याआधीच मी एक केस कशी लढलो आणि ती लढताना एका पोरीची चालून आलेली संधी कशी घालवायला निघालो होतो, त्याची ही हकिकत. मी लपवूनच ठेवणार होतो. पण आमच्या गणेशनं ती सगळ्या कंपनीत पसरवलीच आहे, तर निदान खरी काय ती माझ्या तोंडून ऐका.

मी निघोज्याचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात, एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा युनियनच्या कमिटीवर. कुणाला चार्जशीट मिळाली की चौकशीत त्याच्या बाजूनं बसायचं काम माझं. बचाव प्रतिनिधी म्हणतात त्याला. ते करून करून मला वाटायला लागलं, अर्धे वकील तर आपण आहोतच, उरलेले अर्धेही होऊन टाकू. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर पिंपरीकडच्या एका लॉ कॉलेजात नाव घातलं.

शेवटच्या वर्षाला तिथं एक सेमिनार आपल्या आवडीचं निवडायचं असतं. यादी लागली. वाकडची आयटीवाली मंडळी सायबर कायद्याकडे पळाली, काही जण पर्यावरणाला गेले. मी डोळे मिटून कामगार कायदा घेतला. म्हटलं, इथं आपल्याला कोण काय शिकवणार? सेमिनार म्हणजे पंधरा जणांनी टेबलाभोवती बसून चर्चा करायची आणि शेवटी पंचवीस पानांचा पेपर स्वतःच्या हातानं लिहून द्यायचा. चर्चेत मला तोड नव्हती. सेमिनार घेणाऱ्या केतकी मॅडम वयानं माझ्या पुतणीएवढ्या. तास संपला तरी माझं बोलणं संपायचं नाही, आणि त्या बिचाऱ्या घड्याळाकडे बघत हसायच्या.

माझ्या शेजारी सुनीता बसायची. बीडकडची, दिघीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, चाकणला वायरिंगच्या लाइनवर कंत्राटी. कंत्राट महिनाभरात संपत होतं. घरच्यांनी बजावून ठेवलं होतं, काम सुटलं की गावी यायचं, एक स्थळ बघून ठेवलंय. तिला इथं राहून वकिली करायची होती. डबा खाताना एकदा तिनं हे सांगितलं आणि त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिचा पालक झालो. तेच नडलं.

एका गुरुवारी ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. 'खालील सहा जणांनी शनिवारी साडेचारला माझ्या केबिनमध्ये यावे. सोबत तपासून परत दिलेला आपापला पेपर आणावा. उशीर चालणार नाही.' खाली सहा नावं. सुनीताचं पहिलं.

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो? एकोणीस वर्षांत केबिनमध्ये बोलावून कुणाचं भलं झालेलं मी बघितलेलं नाही. बरं, सहाच्या सहा जण कंपनीत काम करणारे. नुसतं कॉलेजच करणारा एकही नाही. आणि माझं नाव नाही. कामगार म्हणाल तर मी त्या सगळ्यांत जुना, मग मीच कसा सुटलो? उत्तर मला लगेच मिळालं. पुढाऱ्याला बाजूला काढायचं आणि बाकीच्यांना एकेकटं गाठायचं, ही मॅनेजमेंटची जुनी रीत. मला घाबरले होते ते. खोटं कशाला बोलू, छाती थोडी फुगलीच.

तेवढ्यात सुनीताचा फोन. "काका, मॅडमनी कशाला बोलावलं असंल ओ? मला तर भ्या वाटायलंय."

"हजेरी. शिफ्टमुळं तुमची हजेरी कमी हाय. न्हाईतर पेपरची कॉपी केली म्हणत्याल."

"मी न्हाई केली कॉपी."

"मला ठाव हाय. तू घाबरू नको, मी येतोय."

शनिवारी चार वाजता कॉलेजसमोरच्या टपरीवर सहाही जणांना गोळा केलं. आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारा गणेश त्यांत होता. मी समजावून सांगितलं, आत सगळ्यांनी मिळून जायचं. पेपर न्यायचा नाही, आपल्याविरुद्धचा पुरावा आपण होऊन द्यायचा नसतो. कशावर सही करायची नाही. आणि चहा दिला तर घ्यायचा नाही.

"चहा का नाही, दत्ताभाऊ?" गणेशनं विचारलं.

"चहा पिला की वाद मिटला असं लिहून टाकत्यात, भावा."

"आणि बिस्कीट?"

"बिस्कीटबी न्हाई."

पोरांनी पेपर काढून टपरीवाल्याकडे ठेवायला दिले. त्यानं ते पाव ठेवायच्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि तो दूध आणायला गेला. आम्ही निघालो.

केबिनमध्ये टेबलावर थर्मास, खारी, कप मांडलेले. मॅडमच्या शेजारी पांढऱ्या केसांचे, काळ्या कोटातले एक गृहस्थ. मॅडम मला बघून जरा गोंधळल्या. "दत्ताभाऊ, तुम्ही पण?"

"यांचा प्रतिनिधी म्हणून आलोय. हे साहेब कोण?"

"हे सातपुते वकील."

"म्हणजे चौकशी अधिकारी बाहेरचा नेमलाय. आमची हरकत आहे, लिहून घ्या."

सातपुते वकिलांनी खारी खाली ठेवली. "हरकत कशाबद्दल?"

"तुम्ही पक्षपाती आहात."

"मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"मॅनेजमेंटच्या बाजूला खुर्ची टाकून बसलात, तेवढं पुरे आहे."

"खोलीत दुसरी खुर्चीच नाहीये हो," मॅडम कळवळून म्हणाल्या. त्यांनी कप पुढे केले. सहा हात मागे गेले. गणेशनं खारीकडे ज्या डोळ्यांनी बघितलं ते मी विसरणार नाही. मग त्यांनी सहा फॉर्म सरकवले, नाव लिहून सही करा म्हणाल्या. मी ते जसेच्या तसे परत सरकवले आणि खिशातून आमचं निवेदन काढून खड्या आवाजात वाचलं. आमच्यावरील सर्व आरोप खोटे असून ते आम्हाला अमान्य आहेत.

"सर्व?" वकिलांनी विचारलं.

"सर्व."

"बघा बुवा. या सहा जणांनी वर्गात सगळ्यांत चांगले पेपर लिहिले, एवढा एकच आरोप आहे आमचा."

मी निवेदनाची घडी घालून ते परत खिशात ठेवलं.

मग मॅडमनी सगळं सांगितलं. सातपुते वकील कामगार न्यायालयात कामगारांच्या केसेस चालवतात. त्यांना ऑफिसात एक पगारी ज्युनिअर हवा होता, कारखान्यात काम केलेला. पेपर बघून आजच एकाला हो म्हणायचं ठरलं होतं, कारण उद्या ते दुसऱ्या कॉलेजच्या मुलांना भेटणार होते. "आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे घाबरला असतात," मॅडम म्हणाल्या, "म्हणून नुसतं बोलावलं." वकिलांना साडेपाचला निघायचं होतं. त्यांनी हात पुढे केला. "आणा पेपर."

सहा जणांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. गणेश पळत खाली जाऊन आला. टपरी बंद, मालक गायब, फोन लागेना. सुनीताचं ते गाव, ते स्थळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पोरीचं आयुष्य पावाच्या कपाटात कुलूपबंद, आणि पेपर बाहेर ठेवायला लावणारा कोण, तर मी. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

सुनीतानं खांद्यावरची डब्याची पिशवी काढली. डबा बाहेर ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, आणि तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पेपर काढून वकिलांपुढे ठेवला.

"अगं, टपरीवर दिलास ना?" मी म्हणालो.

"ती नुसती वही होती, काका. तुमाला वाईट वाटू नये म्हणून दिली." मान खाली घालून ती म्हणाली, "मॅडमनी आणा म्हणल्यावर न आणून कसं चालंल ओ?"

वकिलांनी पंधरा मिनिटं पेपर वाचला. दोन ठिकाणी थांबून तिला प्रश्न विचारले, तिनं कारखान्यातलं जसं असतं तसं सांगितलं. एक तारखेपासून ये म्हणाले. बाकीच्या पाचांनी टाळ्या वाजवल्या आणि पहिली झडप खारीवर घातली. गणेश म्हणाला, त्याला कायमची नोकरी सोडून तसंही जायचं नव्हतं. माझी समजूत काढायला म्हणाला असेल. चांगला आहे तो.

जाता जाता मी हळूच विचारलं, "मॅडम, माझं नाव कसं काय नव्हतं यादीत?"

"तुमचा पेपरच आलेला नाही, दत्ताभाऊ. मुदत संपून आठ दिवस झाले. तुम्ही इतकं बोललात की लिहायचं राहून गेलं बहुतेक." आणि वर म्हणाल्या, "सोमवारपर्यंत द्या, घेते मी."

सातपुते वकील जिन्यापर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून आले. मला वाटलं, आता दोन शब्द कौतुकाचे बोलतील. बोललेही.

"माणूस तळमळीचा आहात. वकील व्हाच. फक्त एक करा, वकीलपत्र कंपन्यांचं घ्या," ते म्हणाले. "कामगारांचं फार भलं होईल."